सोप्याच्या उलट

ज्या दिवशी मी घर सोडलं, त्या दिवशी आबांनी माझी छाती मोजली.

दारात बैलगाडी जुंपून उभी होती. कराड स्टेशनावरनं संध्याकाळची पुण्याची गाडी गाठायची, तर कडेगावच्या आमच्या बाजूनं उन्हं चढायच्या आत निघावं लागे. आई दशम्या बांधत होती, आणि वडील, म्हणजे आमचे आबा, शिंप्याकडनं मागून आणलेली फीत घेऊन माझ्यापुढं उभे होते. आबा पहिल्या लढाईत मेसोपोटेमियाला जाऊन आलेले पेन्शनर. घर सोडून जाणाऱ्या माणसाची छाती मोजायची असते, कारण त्यांची मोजली होती, एवढं साधं त्यांचं शास्त्र.

“बत्तीस बी न्हाई भरत,” ते म्हणाले. “पलटणीत घेतलं नसतं तुला.”

“आवं आबा, मी पलटणीत कुठं चाललोय? पुण्याला शिकाय चाललोय.”

“मग तितं काय मोजून घेत्यात?”

सांगलीच्या कॉलेजातून गणित घेऊन मी नुकताच बी.ए. झालो होतो. पुण्याच्या एका संस्थेत मला शिकता शिकता काम करायची जागा मिळाली होती. मुलांना किती येतं, त्यांची समज किती, हे मोजायचं, त्यासाठी प्रश्न तयार करायचे आणि आलेल्या उत्तरांची आकडेमोड करायची, असं ते काम. हे आबांना कसं समजावणार? म्हटलं, “डोकं मोजत्यात.”

आबांनी जराही न हसता फीत माझ्या डोक्याभोवती गुंडाळली. “साडेएकवीस. हे चालंल,” म्हणाले, आणि फीत खिशात घातली.

आईनं एवढंच ऐकलं, की पोरगं कसलीतरी मोजणी करायला चाललंय. दशम्यांचं गाठोडं हातात देताना ती म्हणाली, “मापात पाप करू नगंस, लेकरा.” खळ्यावर धान्य मोजायला बसलेल्या गड्याला सांगतात तसंच अगदी. मी मान हलवली. धाकटी बहीण हौसा ओढ्यापर्यंत गाडीत बसून आली. तेरा वर्षांची होती. ओढ्यापाशी उडी मारून उतरली आणि म्हणाली, “दादा, पत्र घाल. आन् जरा बऱ्या अक्षरात घाल, तुझं वाचाय येत न्हाई.” तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. ते तिला ठाऊक होतं आणि मलाही.

साल त्रेचाळीस. आता मी जिथून हे लिहितोय तिथं खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ आहे आणि स्वयंपाकघरात मायक्रोवेव्हमध्ये कालचा भात गरम होतोय. तुमच्यातले जे गावाकडं राहिले, त्यांना वाटतं, हा गेला आणि सुखात पडला. जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना ठाऊक आहे की माणूस एकदम जात नाही, हप्त्याहप्त्यानं जातो. सांगलीला कॉलेजात होतो तेव्हा मी गेलोच नव्हतो. दर पंधरवड्याला मळके कपडे घेऊन घरी यायचो आणि भाकरीचं फडकं घेऊन परत जायचो. पुण्याला गेल्यावर खरं जाणं सुरू झालं, आणि ते बोलण्यापासून सुरू झालं.

पेठेतली एक अंधारी खोली, खाली खानावळ आणि दहा मिनिटांवर संस्था. संस्थेचं नाव सांगत नाही. ती आता नाही आणि तिथली माणसं वाईट नव्हती. मी तोंड उघडलं की ती हसायची, इतकंच. ‘लय’ म्हटलं की हसत. ‘कवा’ म्हटलं की एकमेकांकडं बघून हसत. एकदा उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजायला सांगितले, तर मी सवयीनं मोठ्यानं सुरुवात केली, “लाभ, दोन, तीन...” आमच्याकडं खळ्यावर पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. माझ्या शेजारी जोशी म्हणून एक सहकारी बसायचे. त्यांनी ते महिनाभर पुरवलं. भेटले की, “काय, लाभ झाला का?” बोलण्यात विखार अजिबात नव्हता. आपण पाहुण्याच्या टोपीला हसतो, तसं. पण टोपी ज्याच्या डोक्यावर असते, तो दुसऱ्या दिवशी ती घालत नाही. मी मनात मोजायला शिकलो. सहा महिन्यांत ‘लय’ गेलं. ‘आमी’चं ‘आम्ही’ व्हायला मात्र वर्ष लागलं. तो मधला ह इतका जड असेल असं वाटलं नव्हतं.

काम मला मनापासून आवडलं, हेही सांगायला हवं. शंभर मुलं, पन्नास प्रश्न, त्यांतून पाच हजार उत्तरं. नुसता गोंधळ दिसतो. पण नीट मांडणी केली, कुणाचं काय बरोबर आणि कुणाचं काय चूक ते ओळीत लावलं, की त्यातून आकार दिसायला लागतो. कुठला प्रश्न हुशार मुलाला बाकीच्यांतून वेगळा काढतो, कुठला उगीच सगळ्यांना पाडतो, ते समजतं. आमचे मुख्य, ज्यांना आम्ही नुसतं ‘सर’ म्हणायचो, ते विलायतेत शिकून आलेले. मोजकं बोलायचे. म्हणायचे, “प्रश्न हा तराजू आहे. आधी तराजू तपासा, मग माल.” मला ते आईच्या बोलण्याचंच शिकलेलं रूप वाटायचं.

दोन वर्षांनी मुलींच्या एका ट्रेनिंग कॉलेजनं आमच्याकडं एक टेस्ट मागितली. मराठी सातवीची फायनल पास झालेल्या मुली शिक्षिका व्हायला यायच्या. जागा थोड्या, अर्ज भरपूर. निवड करायला कागदावरची चाचणी हवी होती. सरांनी कामं वाटून दिली. विरुद्ध अर्थाच्या शब्दांचा भाग माझ्याकडं आला. तीस शब्द द्यायचे, समोर मुलीनं उलट शब्द लिहायचा. बरोबर उत्तरांची यादी, जिला आम्ही इंग्रजीतलं ‘की’ म्हणत असू, तीही मीच करायची.

मी चांगला आठवडाभर बसलो. शब्दकोश पुढ्यात. सोप्यापासून अवघडाकडं जाणारी चढण हवी, म्हणून सुरुवातीला रोजचे शब्द घेतले. आत, बाहेर. वर, खाली. पुढचा, मागचा. मग जरा वरच्या पायरीचे, गुणांचे शब्द. ते शब्दकोशात पुल्लिंगी रूपात असतात, म्हणून मीही तसेच उतरवले. अकरावा शब्द ‘पुढचा’ होता. बारावा लिहिला, ‘सोपा’. कीमध्ये त्याच्यापुढं तीन उत्तरं मांडली: अवघड, कठीण, बिकट. मला माझंच कौतुक वाटलं, की तिन्ही आठवली.

तुमच्यातले जे आमच्या भागातले आहेत, ते आत्ताच हसले असतील. बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्याकडं दारातनं आत शिरलं की जी पहिली, पुढची, मोकळी जागा लागते, जिथं आलागेला बसतो, पोती ठेवतात, आबांची घोंगडी अंथरलेली असते, तिला सोपा म्हणतात. पुण्याची माणसं ओसरी म्हणतील. आणि घराच्या मागं, जिथं चूल पेटवायच्या शेणी, अळवाची चार पानं, धुण्याचा दगड आणि बायकांचं खरं बोलणं असतं, त्याला परडं म्हणतात. आणि जे करायला कष्ट पडत नाहीत त्याला आमच्याकडं कुणी ‘सोपा’ म्हणत नाही. ते ‘सोपं’ असतं. मी त्या घरात वीस वर्षं झोपलो, उठलो, जेवलो. आणि बारावा शब्द लिहिताना माझ्या पेनाला यातलं काहीही अडलं नाही.

इकडं गावात हौसा फायनल पास झाली होती. आमच्या भावकीत मुलगी सातवी पास होणं ही गंमतच होती. लोक यायचे आणि तिच्याकडून पेन्शनीचे कागद वाचून घ्यायचे. तिला मास्तरीण व्हायचं होतं. तिनं ते आबांना सरळ सांगितलं. आबांनी दोन दिवस विचार केला आणि पलटणीतल्यासारखी ऑर्डर काढली, “एकदाच बसायचं. लागली तर मास्तरीण. न्हाई तर वैशाखात लगीन. मागारी बोलायचं न्हाई.” हौसा म्हणाली, “व्हय.” तिला आबांकडून एवढंही मिळेल असं वाटलं नव्हतं.

त्या दिवाळीला मी घरी गेलो तेव्हा ती कंदिलाच्या काचेला कागद लावून, डोळ्यांवरचा उजेड अडवून अभ्यास करत होती. मला म्हणाली, “दादा, तुमच्याच पुण्याचा कागद येणार हाय म्हनं. कसलं कसलं इचारत्यात रं?” मला ठाऊक होतं. तीसच्या तीस शब्द पाठ होते. मी म्हटलं, “जे येतं ते लिही. घाबरू नकोस.” ती माझ्याकडं बघत राहिली. मी ‘नगंस’ म्हणायच्या ऐवजी ‘नकोस’ म्हटलं होतं. तिला एक अक्षर सांगितलं नाही याचा मला मोठा अभिमान वाटला. मापात पाप केलं नाही, असं मी त्या दिवशी मनाशी म्हटलंसुद्धा. संस्थेतही मी बोललो नाही, की माझी बहीण बसणार आहे. विचारलं नाही कुणी.

आबा तिला गाडीत घालून कराडला केंद्रावर घेऊन गेले. तिनं मला पत्र लिहिलं, मोत्यासारख्या अक्षरात: पेपर चांगला गेला, सगळं सोडवलं, कोरं काही ठेवलं नाही.

मग गठ्ठे आले. कागदांवर नावं नव्हती, नुसते क्रमांक. मी आणि जोशी टेबलाच्या दोन बाजूंना बसून तपासायचो. बरोबरला रेघ, चुकीला शून्य, निळ्या पेन्सिलीनं. पुण्याचे गठ्ठे झाले, नगरचे झाले. मग सातारा जिल्ह्याचा आणि सांगलीकडचा गठ्ठा निघाला. थोड्या वेळानं जोशी हसायला लागले. “अहो, हे ऐका. सोपा, आणि समोर काय लिहिलंय? परडं! हे काय धान्य आहे का?” पुढच्या कागदावरही तेच. त्याच्या पुढच्यावर ‘परसू’, मग पुन्हा ‘परडं’. जोशी प्रत्येक वेळी मोठ्यानं वाचायचे. माझ्या पुढ्यातल्या गठ्ठ्यातही होते. मीही हसलो. चांगला मोठ्यानं हसलो. मग पेन्सिल घेतली आणि शून्य मांडलं. पुढच्या कागदावरही मांडलं. ‘की’ म्हणजे ‘की’.

हौसाचा कागद जोशांकडं गेला होता की माझ्याकडं, ते मला आजवर माहीत नाही. तिचं अक्षर मी ओळखायला हवं होतं. पण त्या घाईत मी अक्षरांकडं बघतच नव्हतो, ‘की’कडं बघत होतो.

उन्हाळ्याच्या सुटीत घरी गेलो तर निकालाचं कार्ड येऊन पडलं होतं. हौसा एका मार्कानं राहिली होती. आबांना ते पटतच नव्हतं. ते सोप्यात घोंगडीवर बसून एकच बोलत होते, “एका मार्कानं कुणी माणूस मागारी धाडतं व्हय? आमच्या भरतीत पाव इंच कमी पडली, तर ‘श्वास वढ’ म्हनायचे आन् घ्यायचे.” पण शब्द दिलेला होता आणि त्यांनी तो मागं घेतला नाही. सांगलीजवळच्या माधवनगरच्या गिरणीत कामाला असलेल्या एका मुलाचं स्थळ ठरत आलं होतं.

हौसा रडली असेल तर माझ्यासमोर नाही. दुपारी परड्यात ती भांडी घासत होती, तिथं मी जाऊन बसलो. काहीतरी बोलावं म्हणून बसलो होतो. तिनंच विचारलं.

“दादा, एक सांग. त्या कागदात ‘सोपा’ हुतं. त्याच्या उलट परडंच की न्हवं?”

मी म्हटलं, “हो. परडंच.”

“मला बी तसंच वाटलं. वर ‘पुढचा’ हुतं, त्याला ‘मागचा’ लिवलं. मग सोपा आला. म्या म्हटलं, घराचंच इचारत्यात.” तिनं तांब्या पालथा घातला. “म्हंजे तितं चुकलं न्हाई. दुसऱ्याच कुठंतरी चुकलं असंल.”

मी उठून आत गेलो. एक मार्क, आणि तो कुठं गेला ते मला ठाऊक होतं. तो मीच खाल्ला होता.

सुटी अर्धी टाकून मी पुण्याला परतलो आणि सरांच्या खोलीत गेलो. सगळं सांगितलं, प्रश्न माझा, उत्तरांची ‘की’ माझी, शब्द आमच्याकडचा. सरांनी शांतपणे ऐकलं. शब्द खरंच तसा वापरतात का, ते दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, “तुम्हाला हे कसं कळलं?” मी म्हटलं, “माझी बहीण बसली होती. एका मार्कानं राहिली.” सर म्हणाले, “यादी गेली. जागा भरल्या. आता तुम्ही बोललात तर लोक म्हणतील, बहिणीसाठी तराजू हलवला. मी तुम्हाला थांबवत नाही. पण विचार करा.” ते खोटं बोलत नव्हते. लोक तसंच म्हणाले असते. मी विचार केला, म्हणजे गप्प बसलो. त्या वयात गप्प बसण्याला विचार म्हणायची सोय असते.

पण सरांनी मला ते सगळे कागद दिले आणि म्हणाले, “निदान समजून तरी घ्या, काय झालं ते.” पुढची दीड वर्षं मी तेच केलं. सातारा-सांगलीकडच्या मुली वेगळ्या काढल्या. बाकीच्या प्रश्नांत ज्या पुढं होत्या, त्यांनीच मोठ्या हौसेनं ‘परडं’ लिहिलं होतं. ज्यांना फारसं काही येत नव्हतं, त्यांनी ती जागा कोरी सोडली होती. दोन्हींना शून्य. त्या प्रश्नानं मुलीची हुशारी मोजलीच नव्हती. तिचा पत्ता मोजला होता. असे आणखीही शब्द निघाले, कुठं कोकणातल्या मुली अडल्या होत्या, कुठं खानदेशातल्या. त्याचा प्रबंध झाला. प्रबंधावरून मला अमेरिकेतल्या एका विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली. ज्या शून्यानं हौसाचा रस्ता बंद झाला, त्याच शून्यावर मी बोटीत बसलो. हे वाक्य अलंकारिक वाटेल, पण ते नुसतं खरं आहे.

एकोणपन्नास साली निघायच्या आधी मी माधवनगरला गेलो. हौसाच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. गिरणीच्या कामगारांसाठी बांधलेल्या ओळीतली एक खोली. दार उघडलं की सरळ चूल दिसायची. पुढं सोपा नाही, मागं परडं नाही, नळ सगळ्यांचा मिळून एक. भिंतीपलीकडनं मागांची खडखड दिवसभर. गाव तिनंही सोडलं होतं, पण तिच्या जाण्याला कुणी फीत घेऊन आलं नव्हतं. कडेवर मुलगी, परातीत भाकरीचं पीठ. मला बघून तिला इतका आनंद झाला की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

भाकरी थापता थापता ती विचारत होती, बोटीत जेवाय काय देतात, तिथल्या बायका काय नेसतात. मी मधेच म्हटलं, “हौसे, तो ‘सोपा’चा प्रश्न मी काढला होता.”

तिचा हात थांबला नाही. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मग म्हणाली, “कुठला?”

“ट्रेनिंगच्या पेपरातला. बारावा. त्याचा मार्क मिळाला असता तर तू लागली असतीस. तुझं बरोबर होतं. चुकलं माझं.”

भाकरी उलटली, फुगली, काढली. मला वाटलं, ती चिडेल. मी चिडलो असतो. तिनं पदरानं कपाळ पुसलं आणि माझ्याकडं नीट बघून विचारलं, “दादा, सवाल काढला तवा तुला आपलं घर आठवलं न्हाई?”

रागानं नाही विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी म्हटलं, “नाही.”

“तपासताना बी न्हाई?”

“नाही गं.”

“मग काय करणार,” ती म्हणाली. “इतक्या लांब गेल्यावर कुणालाबी इसरायला हुतं.” आणि तिनं मला वाढलं. मी जेवलो. मुलीच्या हातावर खाऊ ठेवून निघालो, आणि महिन्याभरानं बोटीत बसलो.

त्यानंतर माझं सगळं आयुष्य याच कामात गेलं. आता कॉम्प्युटरला उत्तरं दिली की कुठला प्रश्न कुठल्या भागातल्या मुलांवर अन्याय करतो, ते तो चहा निवायच्या आत सांगतो. त्या दोषाला इथं लांबलचक इंग्रजी नाव आहे. मी मनात त्याला ‘परडं’च म्हणतो. दर वर्षी पहिल्या सेमिनारला मी विद्यार्थ्यांना ही गोष्ट सांगायचो. ‘एका खेड्यातल्या एका मुलीनं,’ अशी सुरू करायचो. माझी बहीण असं चाळीस वर्षांत एकदाही म्हटलं नाही. विद्यार्थी हसायचे, आणि मग एखादी मुलगी हात वर करून विचारायची, त्या मुलीचं पुढं काय झालं? मी घड्याळाकडं बघायचो.

दर दोन-तीन वर्षांनी मी येत राहिलो. आबा गेले, आई गेली. गावातलं घर पाडून चुलतभावांनी स्लॅबचं बांधलं. पुढं पोर्च आहे, त्यात मोटार उभी असते, आणि मागं कंपाउंडची भिंत. दोन्ही शब्द आता कुणाला लागत नाहीत. उसाचा पैसा आला, पोरं इंजिनिअर झाली, ते चांगलंच झालं. त्या गावाची मला ओढ आहे असं मी म्हणतो खरं, पण तिथं गेलो की दोन दिवसांत कंटाळतो, आणि परतलो की आठवडाभर भाकरी आठवते. तुमच्यातल्या पुष्कळांचं असंच होत असेल. घर कुठं आहे, असं इथं कुणी विचारलं की मी पूर्वी नकाशा काढून कृष्णेकाठची सांगली दाखवायचो. आता मला वाटतं, ज्या माणसासमोर खोटं बोललेलं इतकी वर्षं टोचत राहतं, ते माणूस जिथं असेल तिथं आपलं घर. या हिशेबानं माझं घर माधवनगरला आहे, गिरणीमागच्या त्या ओळीत, जिथं एक्क्याऐंशी वर्षांची हौसा अजून राहते. गिरणी बंद पडली तरी तिनं ती खोली सोडली नाही.

तिला आता नीट दिसत नाही. पत्रं तिची सून वाचून दाखवते, हे लिहिलेलंही तीच वाचेल. सूनबाई, एवढं शेवटचं सावकाश वाच.

हौसे, तू विचारलंस तेव्हा मी दोनदा ‘नाही’ म्हणालो, त्यातलं पहिलं ‘नाही’ खरं होतं. प्रश्न काढताना मला घर आठवलं नाही. दुसरं खोटं होतं. जोशांनी ‘परडं’ वाचलं तेव्हा मला आपला सोपा दिसला, आबांची घोंगडी दिसली, मागच्या दारी धुण्याच्या दगडावर बसलेली तू दिसलीस. ते उत्तर बरोबर आहे, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. मी तसं म्हणालो असतो तर त्यांना कळलं असतं, की मीही तिकडचाच. म्हणून मी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसलो आणि शून्य मांडलं. मला घर आठवलं होतं, हौसे. चांगलं आठवलं होतं.